आबांचा डबा आणि अखाजी

दीपनगर
२८ मे १९९१

तीर्थरूप नानांना, त्यांच्याच ओट्यावर अक्षरं गिरवलेल्या नातीचा साष्टांग नमस्कार.

चाळीसगावला ऊन फार असेल, गुडघ्यांना तेल लावून घेत जा. इकडे सर्व कुशल आहे. (नाही. पण पत्राची सुरुवात अशीच करायची हे तुम्हीच शिकवलंत.)

माझे सासरे, आबा, चार महिन्यांपूर्वी चोपड्याकडचं गाव सोडून आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. इथे सगळी दारं बंद, बोलायला कुणी नाही. त्यांची झोप गेली, जेवण अर्ध्यावर आलं. जळगावचे डॉक्टर म्हणाले, मनावर ताण असला की अंगात एक हार्मोन वाढतो. तो मोजायला चोवीस तासांची लघवी डब्यात जमवा. (हा शब्द दोनदा खोडला, पण दुसरं काही लिहिलं तर खोटं होईल.)

नेमकी दुसऱ्या दिवशी अखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. वर्षाचा पत्त्यांचा डाव कसा चुकवायचा? आबा डबा पिशवीत घालून गावी गेले आणि भरलेला डबा घेऊन हसत परतले. निकाल पाहून डॉक्टर म्हणाले, इतका निवांत म्हातारा मी पाहिला नाही. आमच्या यांनी लगेच ठरवलं की क्वार्टर आबांना मानवलं, आता गावचं घर भाड्याने द्यायचं. दहा तारखेला भाडेकरू येणार.

त्या संध्याकाळी आबांनी मला खरं सांगितलं. डावाच्या नादात डबा दिवेलागणीपर्यंत कोरडाच होता. सून रागावेल म्हणून आबा घाबरले, तेव्हा त्यांचे सोबती जीवराम आप्पा म्हणाले, “आन तो डबा. आम्ही काय परका शेतस?” मग आप्पा, निंबा भाऊ आणि वना भाऊ, तिघांनीही हातभार लावला. (याला हातभार म्हणावं का, मला ठरवता येत नाही.)

नाना, चार जणांचं समाधान एकट्या आबांच्या नावावर लिहिलं गेलं, आणि त्यापायीच त्यांचे तिघे सोबती सुटणार. आबांनी शपथ घातली आहे, यांना तोंडाने एक शब्द सांगायचा नाही. मी मोडणार नाही.

तुमची,
प्रतिभा

ता.क. सोबत यांच्या ऑफिसच्या पत्त्याचं पाकीट आहे. वाचून झालं की हेच पत्र त्यात घालून लगेच टाका. दहा तारखेच्या आत.

ता.क. २. त्या पाकिटावरचं नाव आबांनी वाचलं. तिकीट त्यांनीच लावलं आणि म्हणाले, “पक्कं चिटकाडी दिधं शे, निंघाव नही.”