आधार काढायच्या आधी

९ फेब्रुवारी

आज आमच्या मिस्त्रींनी न सांगता स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला! किती दिवस टपटपत होता, किती दिवस मी कोकलत होते. आणि आज चहा अर्धा टाकून उठले, पाना आणला, नळ बंद. वर मलाच विचारतात, "अजून काही राहिलंय का गं घरातलं?"

नळाचं पाणी थांबलं, पण कुठेतरी पाणी मुरतंय.

११ फेब्रुवारी

शर्ट मागितला. स्वतःहून!

माझा नवरा दगडाचा गवंडी. सगळं जग मिस्त्री म्हणतं, म्हणून लग्नापासून मीही मिस्त्रीच म्हणते. मी दिवसभर मशीनवर शाळेचे गणवेश शिवणार आणि हे मात्र कोपरावर फाटलेल्या शर्टात हिंडणार. नवा शिवते म्हटलं की ठरलेलं उत्तर — "आहे की एक." आज म्हणाले, "पांढरा शिव. पंचवीस तारखेला पाहिजे."

"कशाला?"

"काम संपतंय. लोक येणार बघायला."

थडग्यावर जायला पांढरा शर्ट! गावाबाहेर राजाचं अर्धवट थडगं आहे ना, तिथलं काम. राजा बांधता बांधताच गेला, वारसांची आपसात जुंपली, आणि राजाला पुरलं भलतीकडेच. मागे उरली नुसती दगडी कमानींची रांग, वर छप्परसुद्धा नाही. त्यातली एक कमान ढासळली होती. ती मिस्त्रींनी वर्षभर खपून परत रचली. जेवताना कमान, झोपताना कमान, मला अगदी वीट आला होता. आणि आता महिनाभर कमानीचं नाव काढलं की म्हणतात, भात वाढ.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

१४ फेब्रुवारी

फोन घेऊन गॅलरीत जातात. दार लोटून! मी मशीन थांबवली, तर एवढंच कानावर आलं — "तिला यातलं काही कळता कामा नये."

तिला म्हणजे मलाच. घरात दुसरी 'ती' आहे कोण?

"कोणाचा फोन?"

"सुताराचा."

सुताराशी असं कुजबुजतं का कोणी?

१५ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीला सांगितलं. ती म्हणजे आगीत तेल! म्हणाली, "ताई, ह्या वयात पुरुष बदलला की एक तर डॉक्टरनं काही सांगितलेलं असतं, नाहीतर बाई असते."

डॉक्टर नसावा. काल चार पोळ्या खाल्ल्या.

१७ फेब्रुवारी

गेलो! मी आणि धाकटी, तिकीट काढून, पर्यटक असल्यासारख्या. धाकटीनं तर काळा चष्माही लावला होता. वेडी!

खरं सांगायचं तर आत शिरले आणि कशासाठी आले तेच क्षणभर विसरले. काय त्या कमानी! एवढा जड दगड, पण वर जाताना कुठे जोर लावलाय असं वाटतच नाही. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी दिसते. शेवटच्या कमानीतून नुसतं आभाळ. वर्षभर हा माणूस ह्याबद्दल बोलत होता आणि मी उसवलेल्या बाह्या बघत हूं हूं करत होते. जरा वाईट वाटलं.

पण जराच. कारण तेवढ्यात ते दिसले.

त्यांच्या कमानीखाली अजून लाकडी आधार आहे — दगड जागेवर बसेपर्यंत तोच सगळं वजन पेलतो. त्याच्यापाशी मिस्त्री उभे, आणि शेजारी ती! तरुण, पिवळी टोपी घातलेली. तिकडची इंजिनीअर. ती काहीतरी बोलली आणि हसली, आणि ह्यांच्या खांद्यावर चक्क हात ठेवला. हे हसले नाहीत. मान खाली. टोपीवाली निघून गेली तरी हे तिथेच, त्या लाकडाला हात लावून.

धाकटीनं मला कोपर मारलं. "बघ! विरहात आहेत."



१८ फेब्रुवारी

भाजीत मीठ दोनदा पडलं. मुद्दाम नाही. बहुतेक.

मुकाट्यानं खाल्ली त्यांनी! एरवी ताट सरकवलं असतं.

२० फेब्रुवारी

मिस्त्री थोरल्या दिरांकडे जाऊन आले. ज्यांचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतली होती, त्या सख्ख्या भावाकडे! "काही नाही, सहज." आणि संध्याकाळी मला स्टुलावर चढवून फ्यूज कसा बदलायचा ते शिकवलं. मी म्हटलं, तुम्ही आहात की. तर म्हणाले, "तुला यायला हवं."

आता कळायचं काय राहिलं? नळ झाला, भाऊ झाला, फ्यूज झाला. माणूस मागचं सगळं आवरून निघालाय. टोपीवालीकडे! मुलीच्या वयाची आहे ती, लाज कशी वाटत नाही? आणि पांढरा शर्ट मी शिवायचा. मीच!

कापड बेतलं तरी. हातात कात्री असली की डोकं जरा थाऱ्यावर राहतं.

२३ फेब्रुवारी

विचारलं. राहवेनाच. शर्टाच्या कॉलरचं माप घेत होते, टेप गळ्याभोवती होती, आणि तोंडातून गेलंच — "कोण लागते हो ती टोपीवाली तुमची?"

आधी कळलंच नाही त्यांना. मग कळलं आणि असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग ते पाणी थांबेचना. मी टेप धरून उभी. एवढ्या संसारात मी ह्या माणसाला रडताना पाहिलेलं नाही.

मग बोलले.

कमानीतला एक दगड चुकलाय. दगडालाही थर असतात म्हणे, आणि कमानीत त्या थरांची दिशा सांभाळूनच दगड बसवायचा. ह्यांनी तो फिरवून बसवला. का, तर त्या बाजूनं रंग शेजारच्यांशी हुबेहूब जुळत होता! मला लगेच समजलं. चौकडी जुळावी म्हणून मी कधी खिसा तिरका कापते, मग धुतल्यावर तो ओढला जातो. फक्त माझ्या खिशाखाली कोणी उभं राहत नाही.

"मग सांगा ना त्या टोपीवालीला!"

"बाहेरून काही दिसत नाही गं. ठोकलं की बद्द वाजतो, तेवढंच. टिकेलही." त्या दिवशी ती म्हणत होती, मिस्त्री, तुमची कमान आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. त्यावर तिची खांद्यावर थाप! आणि मी काय काय रचत बसले.

पण खरं तर पुढेच आहे. ह्यांच्या धंद्यात रीत आहे — आधार काढताना ज्याची कमान तो खाली उभा राहतो. एकटा. ह्यांच्या गुरूंनी केलं, हे करत आले. पंचवीसला तेच आहे. सुताराला फोन त्याचाच होता.

"आणि पडली म्हणजे?"

"आजवर माझा बसवलेला दगड कोणी उतरवलेला नाही," म्हणाले. हे काय उत्तर झालं?

देवा, बाई असती तर बरं झालं असतं! बाईशी भांडता तरी आलं असतं.

२४ फेब्रुवारी

विनवलं. ओरडले. अबोला धरला. काही उपयोग नाही. टोपीवालीला मी सांगितलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही म्हणतात.

शर्ट पुरा झाला. शेवटचं बटण लावताना हात थांबला — हा मी नक्की कशासाठी शिवतेय? भीती वाटतेय. फार.

२५ फेब्रुवारी

ते शर्टाच्या बाह्या दुमडत होते, तेवढ्यात मी जाऊन कमानीखाली उभी राहिले. टोपीवाली धावत आली — "काकू, बाजूला व्हा!" म्हटलं, ह्यांच्या कामावर माझा विश्वास आहे, काढा आधार. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून ह्यांच्याकडेच बघत राहिले.

सुतारानं हातोडा उचलला आणि मिस्त्री सगळ्यांसमोर ओरडले, "थांबा! दगड चुकलाय. माझा चुकलाय. उतरवा कमान."

मग मला दंडाला धरून बाहेर ओढलं. चेहरा त्या शर्टाहून पांढरा. "अक्कल आहे का तुला? पडली असती म्हणजे?"

म्हटलं, "परवापासून मी तेच विचारतेय."