दात घासायची तंबाखू

आई, माझ्या गालातला पांढरा चट्टा गेला. तुला जाऊन वीस वर्षं झाली, तरी काल कोल्हापूरच्या दवाखान्यातून हुपरीच्या एसटीत बसले आणि आधी तुलाच सांगावंसं वाटलं. तू गालाच्या कॅन्सरनं गेलीस, त्यामुळं चट्टा दिसल्यापासून मी आरशात तोंड उघडून तुझाच गाल बघत होते. तपासणीत वाईट काही निघालं नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं, एवढंच. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू खाता?" मी ताठ मानेनं म्हणाले, "न्हाय." त्यांनी बॅटरी मारून हिरड्या बघितल्या. "मग मशेरी?" "व्हय, ती लावते की. दिवसातनं चार-पाच येळा. पण ती दात घासायची." बाई हसल्या नाहीत. आपल्या घरात मशेरीला कुणी तंबाखू मानलंच नव्हतं. अजून डोळ्यांपुढं येतं, तू चुलीवर तवा ठेवून तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजतेस, ठसका लागून आम्ही पोरी परसात पळतो, आणि पैंजणांच्या कड्या जोडायला बसण्याआधी सगळ्या बायका बोटाला लावून घेतात. मी बारा वर्षांची असताना दाढ दुखते म्हणून रडले, तेव्हा तूच ती माझ्या हिरडीवर चोळलीस. "गप. थुकू नगंस, गालात धर." दाढ दुखायची थांबली, मशेरी काही थांबली नाही.

बाईंनी समजावलं, तलफ निकोटिनची असते, पण गाल बिघडवते ती तंबाखू. थोडे महिने निकोटिनचं च्युइंगम घ्या, मग तेही कमी करत सोडा. औषधाच्या दुकानात चार मिलिग्रॅमचं मागितलं तर दुकानदार म्हणतो, "मावशी, डॉक्टरची चिठ्ठी दावा. ह्ये असं देता येत न्हाय." चिठ्ठी मी घरी विसरलेली. मी तिथंच तापले. "शेजारच्या टपरीवर तंबाखूच्या माळा लटकत्यात, तिथं कोण चिठ्ठी मागतंय?" "त्यो नियम मी केलाय व्हय?" म्हणत त्यानं दोन मिलिग्रॅमचं विनाचिठ्ठीचं काढून दिलं आणि शिकवलं: सावकाश चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं. मला हसूच फुटलं. ते तर मला बाराव्या वर्षापासून येतंय. चिठ्ठीचा नियम असू दे की, पण मग टपरीलाही असावा, असं मला अजून वाटतं.

आता च्युइंगमही सुटत आलंय. सकाळी एखादं लागतं. तुझा राग येईल म्हणून मी घाबरून होते, पण आला नाही. तुलाही कुणीतरी असंच गप केलं असणार.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. बाईंनी विचारलं होतं, पहिल्यांदा मशेरी कुणी लावली? तुझं नाव तोंडातून निघेना. मी म्हणाले, सासूबाईंनी. सासूबाईंनी जन्मात मशेरीला बोट लावलेलं नाही. त्या दर खेपेला माझ्यासोबत येतात, माझी पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसतात. काल एसटीत मला विचारत होत्या, "ही डॉक्टरीण माज्याकडं अशी का गं बघती?" मी त्यांच्या मांडीवरची माझी पिशवी माझ्याकडं घेतली.