थोरलीची ऊब

१२ नोव्हेंबर

आले एकदाची स्वतःच्या घरात. चाळिशी तोंडावर आली असताना लग्न केलं म्हणून वहिनीने नाक मुरडलं, पण तिचं नाक जन्मतःच तसं आहे, त्याला कोण काय करणार. दोन ट्रंका, शिवणयंत्र आणि मी असं बिऱ्हाड गाडीतून उतरलं तेव्हा हे दारातच उभे होते. मशीनला हात लावण्याआधी त्यांनी बाही दुमडली, खालची धूळ पुसली आणि मग उचललं. इतका टापटिपीचा नवरा मिळाला म्हणजे माझ्यासारख्या पसाराबाईचं नशीबच फळफळलं म्हणायचं.

घर बैठं, पण ऐसपैस. सगळ्यात छान मधली खोली. तिला एक दार आणि बाजूच्या बोळाकडे उघडणारी एक खिडकी, खिडकीला भक्कम गज. बोळ एवढा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे फिरावं. पलीकडे शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर. मशीन मी मधल्या खोलीतच मांडलं.

यांची पहिली बायको मागच्या हिवाळ्यात गेली. झोपेतच हृदय बंद पडलं, असं मला सांगितलं गेलं. घर तिच्या माहेरचं, ते आता यांच्याकडे आलं. मी मनातल्या मनात तिला थोरली म्हणते. तिचा एकही फोटो घरात नाही. मीही खोदून विचारलं नाही. गेलेल्या माणसाशी कसली बरोबरी करायची?

२१ नोव्हेंबर

थंडीने बोटं वाकत नाहीत, सुई ओवताना दोरा हलतो. मधल्या खोलीच्या भिंतीत पूर्वी खोली गरम करायची गॅसची शेगडी होती, तिचा चौथरा अजून आहे आणि वर धुराच्या नळीचं भोक गिलाव्याने बुजवलेलं दिसतं. मी म्हटलं, तिथेच नवीन बसवून घेऊ. हे नको म्हणाले. मी कारण विचारलं, तर नुसतं नको. मग मी आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं, अबोला. तो एरवी मला दुपारपर्यंतसुद्धा जमत नाही, पण या वेळी जिद्दीने टिकवला. शेवटी हे हो म्हणाले. हट्ट माझाच, हे लिहून ठेवते.

२९ नोव्हेंबर

फिटर आला. माणूस बोलघेवडा, एक स्क्रू पिळायला दोन गोष्टी सांगणार. त्याचं म्हणणं, धुराची नळी नव्या जागेतून काढू, जुन्या भोकाचा भरवसा नाही. यांनी ऐकलं नाही. भिंत पुन्हा फोडायची नाही, जुनंच भोक वापरायचं, असं ठणकावून सांगितलं.

फिटरने गिलावा फोडला आणि आतून हात घालून एक बोळा ओढून काढला. अर्धा जळालेला, काळाकुट्ट. त्याने तो जमिनीवर टाकला तसा मी उचलून उलगडला, शिवणाऱ्या बाईला कापड दिसलं की राहवत नाही. रजईसारखा कापूस भरलेला बायकांचा झगा असावा, त्याची बाही. काठ हाताने शिवलेला, टाके इतके बारीक की मला क्षणभर हेवाच वाटला. यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बाहेर टाकून आले. आल्यावर बराच वेळ हात धूत होते. टापटिपीचा माणूस, मी म्हटलं.

मग फिटरने काम केलं ते मात्र बघण्यासारखं. शेगडी पातळी धरून बसवली, गॅसची नळी जोडली, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले तर गळती, म्हणाला. नाही आले. समोरची काच स्क्रूंनी घट्ट आवळली. धूर बोळात जातो, तिथे नळीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली. मग मला पुढ्यात उभं करून धडा दिला. ज्योत निळी हवी. पिवळी पडून काचेवर काजळी धरली तर समजायचं धूर अडलाय, शेगडी बंद करून त्याला बोलवायचं. खिडकी बोटभर उघडी ठेवायची. शेगडी चालू ठेवून तिथे झोपायचं नाही. या धुराला वास नसतो, डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. भिंतीवर त्याने एक डबी लावली, हवा बिघडली की ती ओरडते.

हे सगळं चालू असताना हे खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते.

७ डिसेंबर

शेगडीपाशी बसून शिवण्यात काय सुख आहे ते वहिनीला कळवायला हवं. जळफळेल. निळी ज्योत, हातात काम, पाय उबेत.

आज एक विचित्र गोष्ट दिसली. काचेवर काजळीचा ठसा उमटलाय. पुसायला गेले तर पुसेना. ठसा काचेच्या आतल्या बाजूने आहे. पूर्ण पंजा, पाची बोटं, बाईच्या हाताएवढा. मी माझा हात वर ठेवून पाहिला, बरोबर बसला. काच चटका बसण्याइतकी तापलेली असायला हवी होती. तिथे ती थंडगार होती.

१२ डिसेंबर

सकाळी डबी ओरडली. माझं डोकं ठणकत होतं, ज्योत पिवळी. मी शेगडी बंद केली, खिडकी सताड उघडली आणि फिटरला बोलावलं. तो बोळात गेला. जाळी जशीच्या तशी, चारी स्क्रू जागेवर. ती काढून त्याने नळीत हात घातला आणि कापडाचा बोळा बाहेर काढला. तीच बाही. तेच टाके.

फिटरने बोळा दोनदा उलटापालटा करून पाहिला. जाळी न काढता हे आत जाऊच शकत नाही, एवढंच म्हणाला आणि जाताना मला एकटीला बाजूला घेऊन बजावलं की शेगडी लावूच नका. संध्याकाळी यांनी डबी भिंतीवरून काढली. कटकट नको, म्हणाले.

१६ डिसेंबर

काकूंकडे गेले होते. बाही पिशवीत घालून नेली. त्यांनी ती बघितली आणि खुर्चीत बसल्या. मग जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"तिच्याच झग्याची आहे ही. ती गेली त्या सकाळी मी चूल पुसत होते. तो बोळात उभा होता, नळीतून हाच झगा ओढून काढत होता. तो काढून झाला, मग आत गेला, आणि मग त्याने रडायला सुरुवात केली."

थोरली त्याला घराबाहेर काढणार होती, घर विकणार होती, हेही काकूंनीच सांगितलं. इतके दिवस गप्प का बसलात, विचारलं तर म्हणाल्या, माझं कोण ऐकणार होतं, आणि एकटी राहते मी.

म्हणजे बाही फाटून आत राहिली आणि याने घाईघाईने वर गिलावा फासला. त्याच बाहीला मी टाके चांगले म्हणाले. त्याच माणसाला टापटिपीचा म्हणाले.

आजपासून मी त्याला 'हे' म्हणणार नाही.

१८ डिसेंबर

निघून जाता आलं असतं. ट्रंक काढलीसुद्धा. मग मधल्या खोलीत शेगडीसमोर उभी राहिले आणि संतापाने ट्रंक तिथेच आपटली. त्याने त्या खोलीत तिला झोपू दिलं, दार ओढून घेतलं आणि सकाळी गळा काढला. लोकांनी त्याचं सांत्वन केलं असेल. मी पळून गेले तर तो तिसरी आणेल.

काच पंजांनी भरली आहे. एकावर एक. मारल्यासारखे, जोरात. आतून बाहेर यायला धडपडणारे.

मी तिला मोठ्याने म्हणाले की तुझा हिशेब बाकी आहे, तो तू पुरा कर. मी आड येणार नाही. लागेल ते माझ्याकडून घे.

ज्योत बंद होती. तरी काच आतून लाल झाली.

२० डिसेंबर

रोज सकाळी बोळात जाऊन, जाळी उघडून बोळा काढते आणि जाळी परत लावते. रोज तो परत असतो. रोज थोडा मोठा. आता नुसती बाही नाही, खांदा आहे, गळ्याची पट्टी आहे. ती झगा पुरा करते आहे.

दुपारी तो शेगडीसमोर येऊन बसला. मी लावून दिली होती, गोड बोलून. ज्योत त्याच्याकडे वळली. वारा नसताना, काचेच्या आत, सगळी ज्योत त्याच्याकडे. त्याने पाहिलं. उठून गेला.

मला हसू आलं. ते हसू माझं वाटलं नाही.

२१ डिसेंबर

चूक केली. तोंडाला लगाम नाही, आई म्हणायची ते खोटं नव्हतं. जेवताना बाही त्याच्या ताटासमोर ठेवली आणि विचारलं, उरलेला झगा कुठे जाळलास?

ओरडेल असं वाटलं होतं. तो उठला, हात धुतले, पुसले. म्हणाला, तू दमली आहेस, आराम कर.

माझा फोन सापडत नाही.

२२ डिसेंबर

काकू गावाला गेल्या. त्यानेच गाडीत बसवून दिलं, बॅग उचलली. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद.

उद्या सकाळी मी निघते. फिटरच्या दुकानापर्यंत चालत गेले तरी पुरे. तो बाहीबद्दल सांगेल. मग पोलीस.

पण थोरली—तिला हे पुरेल का?

२३ डिसेंबर, सकाळ

ट्रंक मधल्या खोलीत. ती घ्यायला आत आले आणि दार मागून बंद झालं. कडी. बाहेरून.

शेगडी चालू आहे. मी लावली नव्हती. बटण फिरवलं, फिरत नाही. त्याने काहीतरी करून ठेवलंय. खिडकी खिळे ठोकून बंद.

इस्त्रीने खिडकीचं एकुलतं काचेचं तावदान फोडलं, बाकी फळ्या लाकडी. गजांतून हवा येते. बेताची. तिथे तोंड लावून बसले आहे.

तो बोळात आहे. पावलं ऐकू येतात. जाळीचे स्क्रू काढतोय, एक एक, शांतपणे. टापटिपीने.

थोड्या वेळाने

त्याने नळीत कापड कोंबलं. ज्योत पिवळी. काळी होत चालली.

मग तो ओरडला.

गजांतून दिसतो आहे. कोपरापर्यंत हात नळीत. ओढतोय, निघत नाही. पाय भिंतीला लावून ओढतोय. शेगडीच्या काचेत बघते तर आत दोन पंजे. ठसे नाहीत. पंजे. त्यांनी काहीतरी घट्ट धरलंय.

तो म्हणतो आहे, बंद कर. अगं, बंद कर, जळतोय. कडी काढतो, शपथ. घर तुझ्या नावावर करतो.

कडी कशी काढणार, हात तर—

बटण आता सैल झालंय. बंद केलं तर ज्योत विझेल आणि थोरली त्याला सोडेल. मग तो येईल. नाही केलं तर धूर आतच येतोय, तावदान एकच आहे, फार वेळ पुरणार नाही.

मी बंद करत नाही.

तिनेही हाका मारल्या असतील. तो बाहेर उभा राहून ऐकत असेल. ऐक आता. मला बरं वाटतंय. लाज नाही वाटत. फार बरं वाटतंय—

डोकं जड. निर्णय बदलला. बंद करते. मला मरायचं नाही त्याच्यासाठी, तेवढी त्याची लायकी—

हात गेला बटणावर. डावा. उजव्याने लिहिते आहे, कुणीतरी वाचावं म्हणून.

डावा हात उलटा फिरवतोय. ज्योत वाढली. मी नाही वाढवली. ओढते आहे मागे, हात माझं ऐकत—

बोळातून त्याने हाक मारली. मला नाही. तिच्या नावाने.

आणि माझ्या तोंडून गेलं, "आले हं."

मला उठायचं नाही. मी उठते आहे. शेगडीची काच उघडी आहे, स्क्रू खाली पडलेत. थोरली आत सरकून माझ्यासाठी जागा करते आहे. लिहायचा हातसुद्धा आता—