श्रीखंडाचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

रुकसानाचा श्रीखंडाचा डबा अजून माझ्याच टेबलावर आहे. प्रयोगशाळेत चार वर्षं खपून तिने लोखंडावरचा, उष्णता सोसणारा लेप बनवला. त्याचा धंदा उभा करून देणं हे माझं काम म्हणे! त्या डब्यात आहेत भट्टीत लेप तडकलेल्या पट्ट्या. सकाळी सिन्नरच्या कारखान्यात जायला निघताना मीच म्हटलं, "हे कशाला? चांगली तेवढी एकच दाखव." डबा इथेच राहिला.

कारखान्याच्या मालकांनी ती चकचकीत पट्टी उलटसुलट करून पाहिली. "म्याडम, झकास हाय. पण हे तडकतं कधी? तडकलेली एखादी आणली नाय का?"

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मीच बोललो, "तडकतच नाही हो." मालक हसले, पट्टी परत दिली, चहा पाजला. संपलं.

का बोललो मी? तिला बोलू दिलं असतं तर?

येताना ती एवढंच म्हणाली, "सर, डबा उद्या नेते."

आत्ता तो डबा उघडला. प्रत्येक पट्टीला चिठ्ठी आहे: किती तापमानाला तडकली, का तडकली. सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर लिहिलंय, "सिन्नरला आधी ही दाखवायची."