जांभळ्या पाणघोड्याचा सिनेमा

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.
काल लेक आली होती. दोन तास पुस्तक वाचत बसली. निघताना म्हणाली की पुढच्या रविवारी दोन पुस्तकं आणीन. आईकडे राहायला गेल्यापासून जरा गप्प झालीये, एवढंच. वय आठ. या वयात होतं असं.
संकल्प : येत्या रविवारी सिनेमा! छत्रीत बसून गावोगाव पत्रं वाटणाऱ्या जांभळ्या पाणघोड्याचा. पोस्टरवर लिहिलंय, ‘सहकुटुंब पाहा’. आम्ही दोघं. कुटुंबच की.

५ तारीख, बुधवार.
प्लॅन पक्का. आमचे मिस्त्री म्हणाले की लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात रविवारचा भरवसा धरू नये. निगेटिव्ह माणूस.

९ तारीख, रविवार. संध्याकाळी ५.
लिफ्ट अडकली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. आत एक वकीलबाई. हाताने ब्रेक सोडत सोडत लिफ्ट खाली आणली. बाई बाहेर आल्या त्या मलाच झापत.
खेळ तीनचा. मी पोचलो पावणेचारला. लेक आणि तिची आई तिकीट खिडकीपाशी उभ्या. तिची आई माझ्याऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. लेक म्हणाली की असू दे बाबा. किती समंजस! माझ्यावर गेलीये.
त्या दोघी तिथेच थांबल्या. मी वकीलबाईंच्या इमारतीत परत. टूलबॉक्स राहिला होता.

१२ तारीख, बुधवार.
लेकीला फोन. सिनेमा बघितलास का, असं विचारलं. नाही म्हणाली आणि लगेच शाळेतलं काहीतरी सांगू लागली. वाचलो!

१६ तारीख, रविवार. संध्याकाळी ७.
फत्ते! अर्धा तास आधी पोचलो. मोबाइल बंद. मिस्त्री शोधत बसू देत.
सिनेमा काय आहे! पिवळ्या ढगांचे डोंगर. शिंकणारी घरं. टोप्या घातलेले मासे. हसून हसून पोट दुखलं. इतका कधी हसलो होतो, आठवत नाही.
मग छत्री मोडली आणि पाणघोडा समुद्रात पडला. मला रडूच फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके. पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी वळून पाहिलं. लेकीने माझा हात धरला आणि कानात सांगितलं की रडू नको बाबा, आत्ता मासे त्याला वर आणतात. आणि आणलं! काय अंदाज पोरीचा! गाणीसुद्धा शब्दन्‌शब्द म्हणत होती. पहिल्यांदा ऐकून! स्मरणशक्ती माझीच.
सोडायला गेलो तेव्हा विचारलं की मजा आली ना? तर म्हणाली की तुला आली ना, मग झालं.
संकल्प : आता दर रविवारी सिनेमा. गाडी रुळावर आली.

१७ तारीख, सोमवार. दुपारी १.
तिच्या आईचा फोन. म्हणाली की पोरीने हा सिनेमा कालचा धरून तीनदा पाहिला. एकदा नऊ तारखेलाच, मी परत गेल्यावर, आईबरोबर; एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला. बाबाला सांगू नकोस, त्याला फार बघायचाय, असं तिनेच बजावलं होतं.
पुढे म्हणाली की येता रविवार पोरीला जरा मोकळा दे. तुला सांभाळून दमते ती.
मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
मिस्त्रींनी विचारलं की काय झालं. धूळ गेली म्हणालो. दोन्ही डोळ्यांत.

२३ तारीख, रविवार. संध्याकाळी ६.
घरात बसवेना. त्याच सिनेमाला गेलो. खिडकीतल्या माणसाने किती म्हणून विचारलं. एक.
रांगेत एक कुटुंब आलं. त्यांना शेजारीशेजारी बसायचं होतं. मला म्हणाले की काका, जरा एक खुर्ची सरकता का? सरकलो. मग त्यांची आत्या आली. परत सरकलो. मग आत्याचे यजमान. शेवटी भिंतीला टेकलो. तिथून पडदा तिरपा दिसतो.
सिनेमा मात्र खरंच छान आहे.