खंडेनवमीला बदललेला पत्ता

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री.
कावळा लवकर शिवला. सासूबाई प्रसन्न असाव्यात. ह्यांचं ध्यान मात्र कॉम्प्युटरकडे. मास्तरकीतून रिटायर झाल्यापासून हाच नाद. चित्रांचं एक पान करतायत, चित्राला बोट लावलं की आपल्या घरच्या बोलीतला शब्द ह्यांच्या आवाजात ऐकू येतो. आई म्हणजे आयस. मग धान्याची कणगी, पावसातलं इरलं, नाचणीला नागली. आज नागली म्हणताना माझ्या कुकरची शिट्टी आत गेली. पुसा म्हटलं तर, "राहू दे. तेवढाच तुझा आवाज."
कोणासाठी चाललंय ते बोलत नाहीत. ठाण्याला नात आहे, चिऊ, तीन वर्षांची. तिनं आपलं खोडाळा गाव पाहिलेलं नाही. सुवर्णानं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. माझ्याशी बोलते, तेवढंच.

२४ सप्टें., बुध. तिसरी माळ.
ह्यांचं पान घरात चालतं, उंबऱ्याबाहेर नाही. हे मोबाईल घेऊन एस.टी. स्टँडवर जातात, तिथून फोन, "नाही गं उघडत." परत येतात, टकटक करतात, परत स्टँड. मी विचारलं, असं कसं? म्हणाले, इंटरनेटवाल्यानं सगळ्या गावाला मिळून एकच पत्ता दिलाय, बाहेरच्याला आपलं दार सापडत नाही. म्हणून आपल्याच कॉम्प्युटरनं बाहेरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरला दोर बांधून ठेवायचा. त्या दोराला वेगळा पत्ता मिळतो, तो धरून लोक आत येणार. टनेल म्हणतात. फुकट आहे, मग मी काही बोलले नाही.
दिवेलागणीला स्टँडवरून फोनवर ओरडले, "अगं, मीच बोलतोय! माझ्या मोबाईलमधून मीच!" लोक बघत असतील.

२६ सप्टें., शुक्र.
"सुवर्णाला तू पाठव," म्हणाले.
"काय लिहू?"
"काही नको. नुसता पत्ता."
पाठवला. खाली "चिऊसाठी" लिहिलं, ह्यांना सांगितलं नाही. तिनं मेसेज पाहिला.
कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी आहे. कोणी आलं की तिच्यात ओळ उमटते. हे पाणी प्यायला उठले तरी आधी तिथे.
बाहेरून आले की मला, "कोण आलं का?"
"तुम्हीच. सकाळी."

२९ सप्टें., सोम.
सु.चा फोन. दवाखान्यात ड्युटी लागोपाठ आहे, सवडीनं बघते म्हणाली. हे पेपर तोंडापुढे धरून बसलेले, पान काही उलटलं नाही. फोन ठेवल्यावर, "काय म्हणाली?"
"ड्युटी आहे."
"मी कुठे विचारलं?"
देवी, ह्यांना जरा बुद्धी दे. दोघांनाही दे.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
विळे, कोयता, कुऱ्हाड, माझं शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून पाटावर. हे पोशेऱ्याला भावाकडे गेलेले. मनात आलं, हा बिचारा कॉम्प्युटर आठवडाभर रात्रंदिवस चालू. नवमीला कोयत्यालासुद्धा सुट्टी, मग ह्यालाच का नाही? शिकवलं होतं तसा रीतीनं बंद केला. हळदकुंकू, झेंडूचं फूल. जाऊबाई दारातून, "नैवेद्य पण दाखव गं त्याला, वरणभात चालतो का विचार!" हसून हसून पुरे.
फोन धान्याच्या खोलीत राहिला. उद्या बघू.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
काय करून बसले.
सोनं देऊन झाल्यावर ह्यांनी कॉम्प्युटर लावला आणि माझ्याकडे वळले. "बंद केला होतास?" विश्रांती दिली म्हटलं. "पुन्हा लावला की पत्ता बदलतो गं. फुकटातला ना. जुना मेला." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
मग फोन शोधला. काल दुपारी सु.चा मेसेज. "आई, चिऊला घेऊन बसले होते. उघडत नाही. बाबांनी बंद केलं ना? राहू दे."
वाचून दाखवला. हातात आपट्याची पानं तशीच.
"नवा पत्ता पाठवा," मी.
"एकदा पाठवला ना."
"मी पाठवला. तुम्ही नाही."

४ ऑक्टो., शनि.
सु.ला सगळं सांगितलं. बाबांनी नाही गं, मी बंद केला, नवमी होती. मग हसायला लागली, "आई! कॉम्प्युटरला हळदकुंकू!" किती दिवसांनी अशी हसली. मग एकदम, "फोन करायला बाबांनी सांगितलं?"
खोटं कसं बोलू? नाही म्हटलं.
"मग झालं."

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी.
ह्यांनी नवीन काहीतरी बसवलं. सगळ्या चित्रांच्या खाली एक रिकामा चौकोन. त्याला बोट लावून पलीकडचा माणूस बोलू शकतो, बोललेलं इथे येऊन पडतं. "सारखं मीच काय बोलायचं," म्हणाले.
दूध आटवत होते तर हे ओसरीवर फोन घेऊन. लिहितात, पुसतात.
"सुवर्णा लिहू का सोनी?"
"लहानपणी काय म्हणायचात?"
नव्या पत्त्यासकट पाठवलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. दूध प्यायले, साखर कमी आहे म्हणाले नाहीत.

७ ऑक्टो., मंगळ.
दिवसभर काही नाही. जेवले नीट नाहीत. कॉम्प्युटरजवळची फरशी पुसताना वायरीला फडका लागू नये म्हणून जीव मुठीत.

८ ऑक्टो., बुध.
दुपारी भांडी घासत होते, हाक आली, "अगं, ये, ये." तशीच राखेच्या हातानं गेले. काळ्या खिडकीत ओळी. कोणीतरी आयस दाबलं. परत आयस. परत आयस. दुसरं काहीच नाही. लेकरंच असं करतात, एकच धरून बसतात. का सु.च असेल? खिडकी नाव सांगत नाही.
मग थांबलं. हे म्हणाले, गेले वाटतं. तेवढ्यात खालच्या चौकोनात एक आवाज येऊन पडला. छोटासा आहे म्हणाले, एका वाक्याएवढा.
अजून ऐकलेला नाही. माझे हात धुऊन झाले, देवापुढे दिवा लावून झाला, तरी हे खुर्चीत तसेच.
"लावा ना."
"तिनं रागानं काही म्हटलं असेल तर?"
"तर काय. आवाज तर तिचा."
"तू इथे बस आधी."
जाते.