आधी ओळ, मग फोटो

५ मे, रविवार

पोचलो. तांबरमला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि स्टेशनच्या पायऱ्या चढेपर्यंत शर्ट अंगाला चिकटला. बालाजीराव स्वतः घ्यायला आले होते. साठीचे, सडसडीत, बोलणं मऊ. माझी बॅग हातातून काढून घेतली आणि मला ‘पाहुणे’ म्हणाले. त्यांचं घराणं मूळचं तंजावरचं. आमच्या तोंडातल्या मराठीवर तीनशे वर्षांचं शेवाळ आहे, हसू नका, असं त्यांनी गाडीतच सांगून टाकलं.

घर वायुदलाच्या तळाच्या भिंतीमागे आहे. मागे झाडी आणि एक हिरवं डबकं. दिवाणखान्यात पितळी साखळ्यांचा झोपाळा, त्यावर त्यांच्या पत्नी सकवारबाई. केसांत मोगरा, पाठ ताठ. गुडघ्यांमुळे उठत नाहीत. मी जेवलो का, एवढं हसून विचारलं.

वरची खोली माझी. खिडकीशी टेबल आणि चक्क एसी. मिरजेला बायकोला, सहानाला, फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, तीन महिन्यांनी ओळखू येणार नाहीस बहुतेक. आमच्या पेपरची आवृत्ती जानेवारीत बंद झाली तेव्हापासून ती पहिल्यांदा हसली.

७ मे, मंगळवार

काम माझ्या आवडीचं आहे. बालाजीरावांच्या निसर्गचित्रांचं पुस्तक निघतंय, त्यातल्या फोटोंखालच्या ओळी मी लिहायच्या. फोटो थक्क करणारे आहेत. गोगलगाईच्या पाठीवर बसलेला भुंगा, दवाचा थेंब तोंडात झेलणारी मुंगी. भिंतभर बक्षिसं. संगणकावर ते एका ठिपक्यालाही हात लावत नाहीत. स्पर्धावाले मूळ फाइल मागतात, आणि प्राणी जसा आढळला तसाच टिपला, असं साक्षीदाराच्या सहीचं निवेदनही. आतापर्यंत साक्षीला वेंकट नावाचा मदतनीस असे. तो गावी गेला. आता मी.

बारा फोटो अजून काढायचे आहेत. आमच्या डेस्कवर पान रात्री दहाला छपाईला सुटायचं, त्यामुळे मी आधी ओळ लिहायचो आणि मग फोटोग्राफरला सांगायचो, असा फोटो आण. बावीस वर्षांची सवय. इथेही बाराच्या बारा ओळी एका बैठकीत लिहून दिल्या. शेवटची गमतीत लिहिली: ‘खिडकीशी बसून रोज काहीतरी लिहिणारा सस्तन प्राणी. ओठावर माशी बसली तरी हा हलत नाही.’ बालाजीरावांनी ती दोनदा वाचली. खूश झाले.

९ मे, गुरुवार

पहिली ओळ होती, ‘पानाची छत्री धरलेला बेडूक’. आज सहाच्या उन्हात तो फोटो निघाला. मी शेजारी उभा होतो.

बेडूक फ्रिजमधून आला. भोकं पाडलेल्या स्टीलच्या डब्यातून. गार झालेला, सुस्त, पण जिवंत. बालाजीरावांनी त्याला मागच्या पायांवर बसवला, काखेतून नायलॉनचा बारीक दोरा घेऊन फांदीला बांधला, पुढच्या पंजाला गोंदाचा थेंब लावून पानाचा देठ त्यात दाबला. अंगावर ग्लिसरीनचे थेंब शिंपडले. बेडकाचं पोट जोरजोरात हलत होतं. ते थांबायची वाट पाहिली आणि मग बटण दाबलं.

मी काहीतरी बोललो असेन. ते अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, “फोटोत मी काही बदलत नाही, पाहुणे. फोटोच्या आधी बदलतो.”

१० मे, शुक्रवार

निवेदनावर सही केली. खरं तर नाही म्हणायचं ठरवून खाली गेलो होतो. पण एक बेडूक, त्यासाठी परत मिरजेला जाऊन घरात बसायचं, सहानाचा तो चेहरा बघायचा? ‘प्राणी जसा आढळला तसाच. त्याला कोणीही हात लावलेला नाही.’ खाली माझं नाव, विश्वेश. बारा छापील कोरे कागद होते. रोज रोज नको म्हणून सगळ्यांवर एकदमच करून टाकल्या.

नंतर हात धुतले. दोनदा.

१३ मे, सोमवार

इडली खाल्ली आणि मग फ्रिज उघडला.

स्वयंपाकघरातला फ्रिज बिघडलेला आहे, म्हणून इडलीचं पीठही या बेडकांच्या फ्रिजमध्ये असतं. त्याच्या पातेल्यावर डबा, डब्यात बेडूक. डब्याच्या भोकांतून काहीतरी पातळ, करडं गळून पिठाच्या झाकणावर वाळलं होतं. बाजूच्या पेल्यात कॉफीचा काढा, त्याला टेकून पाली, प्लास्टिकच्या पिशवीत, एकमेकींवर. एकीचा पाय हलला. खालच्या कप्प्यात काचेच्या बरणीत माशा. शंभरेक असतील, तळाशी काळ्या गोळ्यासारख्या साचलेल्या. बरणी बाहेर काढली की ऊब लागून तो गोळा हळूहळू हलायला लागतो.

संडासात जाऊन सगळं ओकलो. सकवारबाई झोपाळ्यावर होत्या. हसत होत्या.

१६ मे, गुरुवार

‘पोट धरून हसणारा बेडूक’. हीपण माझीच ओळ.

तोंड दोऱ्यानं दोन्हीकडून ताणलं. पंजे पोटावर चिकटवले. फोटो झाल्यावर सोडवताना पंजा सुटला, पोटाची कातडी मात्र पंजालाच राहिली. खालचं गुलाबी, ओलं. बालाजीरावांनी नाक मुरडलं, हात पुसले आणि दुसरा डबा मागितला. मी आणून दिला. हे लिहायलाच हवं: मी आणून दिला.

मेलेला का नाही घेत, असं मी विचारलं. कॅमेऱ्याला लगेच कळतं म्हणाले, डोळ्यातलं पाणी जातं. जिवंतच हवा, फक्त गार हवा. गारठ्यात विरोध राहत नाही.

दुपारी जुनी निवेदनं चाळली. वेंकटच्या सह्या. पहिल्या वर्षी ठसठशीत. पुढच्या वर्षी अक्षरं सुटी, थरथरलेली. मागच्या वर्षी फक्त एक आडवी रेघ, आणि तिच्या टोकाला कागदाला चिकटलेला कातडीचा सुकलेला तुकडा. नखाएवढा. त्यावर बोटाच्या रेषा होत्या.

१८ मे, शनिवार

बाहेर कत्तिरीचं, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्याचं ऊन, रस्त्यावर डांबर मऊ झालंय, आणि मी दोन चादरी घेऊन बसलोय. एसी सोळावर. रिमोट खाली असतो. मागितला तर बालाजीराव म्हणाले, तुम्ही घाटावरची माणसं, तुम्हाला थंडी मानवते.

सकाळी जाग आली तेव्हा खुर्ची खिडकीकडे फिरवलेली होती. रोजनिशी उघडी, पेन तिच्यावर तिरकं. टेबलावरची औषधं, मोबाइलचा चार्जर, पाण्याची बाटली, काहीच नव्हतं. टेबलावर एक पितळी तांब्या ठेवलेला. छान दिसत होता.

कॉफी हल्ली फार कडू लागते. पिऊन झाल्यावर हातपाय दुसऱ्याचे वाटतात.

२० मे, सोमवार

सकवारबाईंशी बोलायला गेलो. बालाजीराव मागे डबक्याशी होते. मी म्हणालो, इथे जे चाललंय ते मला सहन होत नाही, मी शुक्रवारी निघतो. त्या हसतच होत्या. त्यांच्या ओठावर माशी बसली. हलल्या नाहीत. माशी तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली.

तेव्हा जवळून पाहिलं. बांगड्यांच्या खालून मनगटाला दोरा आहे. साखळीला गेलेला. मोगऱ्याखालून दुसरा, पाठ ताठ ठेवणारा. ओठांच्या दोन्ही टोकांना गालावर वाळलेल्या गोंदाचे चकचकीत ठिपके. त्याखाली कातडी पांढरी झाली आहे. वास येतो. मोगरा त्यासाठीच आहे.

डोळे मात्र माझ्यावर होते. ओठ न हलवता बोलल्या: “उजेड आला का हालू नको, बापा. हालला तर परत चिकटवतात.”

मी दोरा तोडायला हात घातला. त्यांनी मान हलवली. एवढीशी. गालाची कातडी ताणली गेली आणि एका ठिपक्याखालून पू आला. मी हात काढून घेतला.

जिन्यावर बालाजीराव उभे होते. कॉफी घेऊन.

२२ मे, बुधवार

दार बाहेरून लावलं आहे. ओरडलो. वरून विमान गेलं.

मोबाइल त्यांच्याकडे. सहानाचा फोन आला होता म्हणे. त्यांनीच घेतला, मी रमलो आहे आणि रात्रंदिवस लिहितोय, असं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. हे त्यांनी मला फार प्रेमानं सांगितलं.

कॉफी प्यायलो नाही. मग नाक दाबून—

२४ मे, शुक्रवार

आज निघणार होतो.

त्यांनी माझी यादी टेबलावर ठेवली आहे. माझंच अक्षर. अकरा ओळींवर बरोबरची खूण. बाराव्या ओळीवर नाही.

यादीखाली निवेदन. प्राणी जसा आढळला तसाच. त्याला कोणीही हात लावलेला नाही. सही माझी. तारीख तेवढी रिकामी.

रोजनिशी काढून घेत नाहीत. आता कळलं का ते. लिहिताना दिसायला हवं.

२५ मे, शनिवार

पाठीला फळी. काखेतून दोरा. डावा हात टेबलाला— बोट उचलून पाहिलं, बोट वर येतं, कातडी नाही.

पोट फार हलतं म्हणाले. थांबेल म्हणाले.

कोणाला हे मिळालं तर झोपाळ्यावरच्या बाईंना आधी— दोरा तोडू नका, गोंद कोमट तेलानं हळू— आणि सहानाला सांगा मी रमलो नव्हतो, मी

२६ मे

पेन बोटांना चिकटवलं आहे. म्हणून लिहितोय. दुसरं काही करता येत नाही.

ग्लिसरीन कपाळावर. गार. दिसायला घाम.

पायऱ्या. बरणीचं झाकण फिरवलं. त्या जाग्या होतायत, आवाज येतो आधी एकीचा, मग—

खालच्या ओठावर गोंदाचा थेंब. वास तोच. बालाजीराव चिमट्यात एक धरून— पाय अजून झाडते आहे, ओठावर, सहाही पाय, चिकटली, सुटायला धडपडते, पंख नाकात

ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलंय. हालायचं नाही. सकवारबाई म्हणाल्या हालायचं

ती चावते आह